सतरंजीचं दुसरं टोक

१९८६ च्या जूनमध्ये खर्ड्याहून निघालेल्या लाल एसटीतून मी नगरला उतरले. जवळ एक पत्र्याची ट्रंक, आत्यासाठी आईनं दिलेली हुलग्यांची पिशवी आणि बारावीचं गुणपत्रक. आमच्या गावचा जिल्हा नगर, पण नगरला जायचं तर जामखेड सोडल्यावर बीड जिल्ह्यातलं आष्टी आणि कडा ओलांडावं लागतं. आपल्याच जिल्ह्याच्या गावाला परक्या जिल्ह्यातून जाणारी माणसं आम्ही. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, आणि ज्यांच्या नावानं झालं त्या अहिल्यादेवी आमच्याच तालुक्यातल्या चौंडीच्या. पण मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे त्या दिवसांत आम्ही नुसतं ‘नगर’ म्हणायचो. इथंही तेच राहू देते.

आत्या भिंगारला राहायची. तिथून सायकलनं स्टेशन रोडवरच्या अहमदनगर कॉलेजात. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ साली काढलेलं हे ख्रिस्ती कॉलेज. तीन वर्षांत मराठी घेऊन मी बी. ए. झाले, पुढं बी. एड. करून आयुष्यभर शिकवलं. वर्गात शिकले त्यातलं पुष्कळ विसरले. तास संपल्यावर मंडळांमध्ये, शिबिरात, झाडाखालच्या कट्ट्यावर जे झालं ते मात्र अजून हलतं आहे. त्यातलं थोडं इथं लिहून ठेवते.

१. मंडळात शिरायचं दार भाषणाचं नसतं, सतरंजीचं असतं. वाङ्मय मंडळात नाव दिलं की आपल्याला कविता वाचायला उभं करतील, असं मला वाटलं होतं. पहिलं वर्षभर मी सतरंज्या अंथरल्या, फळ्यावर रंगीत खडूनं पाहुण्यांचं नाव लिहिलं, माठ भरून ठेवला, हार आणला, आणि कार्यक्रम संपला की पुन्हा सतरंज्या झटकून घड्या घातल्या. आधी आधी राग यायचा. आपण काय गडी म्हणून आलो का, असं वाटायचं. पण मोठी सतरंजी एकट्याला घडी करता येत नाही. समोरून कुणीतरी दुसरं टोक धरावं लागतं. दोघांनी एकदमच ताण द्यायचा, एकदमच पुढं यायचं, मध्ये भेटून टोकाला टोक लावायचं, आणि घडीची कड एकीच्या हातात देऊन दुसरीनं पुन्हा मागं जायचं. माझ्यासमोर टोक धरणारी मुलगी शेवगावची होती. पाहुणे काय बोलले, त्यातलं आपल्याला काय कळलं, कुठं ते उगाच लांबले, हे सगळं आम्ही त्या घड्या घालताना बोलायचो. भाषण ऐकताना जे डोक्यावरून गेलेलं असायचं ते धूळ झटकताना खाली उतरायचं. पुढं अनेक मोठ्या व्यासपीठांवर बसायची वेळ आली. आजही कार्यक्रम संपल्यावर माझी नजर आधी सतरंजी कोण उचलतंय तिकडं जाते, आणि ते पोर एकटं असेल तर मला खुर्चीत बसवत नाही.

२. आपल्या गावाविषयी आपल्यालाच सगळ्यात कमी माहीत असतं. आमच्या घोळक्यात मुलींना गावाच्या नावानं हाक मारायची रीत पडली होती. ‘ए शेवगाव, डबा आण.’ ‘वडाळा, तुझी सायकल पंक्चर झाली गं.’ मी अर्थात ‘खर्डा’. महिन्याभरात माझं खरं नाव हजेरीपुरतं उरलं. इतिहासाच्या सरांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “खर्डा म्हणजे लढाईचं खर्डा?” मी मान डोलावली. त्यापलीकडं मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. किल्ल्यात आम्ही लहानपणी लपाछपी खेळलो होतो, तटावर चढून पतंग उडवले होते. तिथं काय घडलं ते कधी कुणाला विचारलं नव्हतं.

मग वक्तृत्वाच्या सरावासाठी तोच विषय माझ्या गळ्यात पडला. ग्रंथालयात बसून मी टिपणं काढली. मार्च १७९५. एका बाजूला हैदराबादचा निजाम अली, दुसऱ्या बाजूला सवाई माधवराव पेशवे, मागं नाना फडणवीस. परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले, सगळ्यांच्या फौजा एका ठिकाणी. लढाई मोडल्यावर निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, वेढ्यात अडकला आणि तहाला आला. सात मिनिटांचं भाषण मी तोंडपाठ केलं. वर्गखोलीत चाळीसेक मुलं असतील. दोन मिनिटं बोलले आणि पुढचं वाक्य आलंच नाही. मी उभी राहिले, चाळीस डोकी वर झाली, आणि मी खाली येऊन बसले.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा दादांना, माझ्या वडिलांना, हे सांगितलं. दादांचं पेठेत किराणा दुकान, शिक्षण चौथीपर्यंत. ते मला किल्ल्यात घेऊन गेले आणि म्हणाले, “एवढी फौज आत कोंडली गेली तर पाण्याचं काय झालं असंल, त्याचा विचार कर. माणसं, हत्ती, घोडी, बैलं. उन्हाळा तोंडावर. आपल्याकडं मार्चात विहिरी कुठं जातात, तुला माहीत नाही का?” मी बघत राहिले. खर्ड्यातल्या कुणालाही मार्च महिना म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पुस्तकातल्या टिपणांत तोफा होत्या, सरदारांची नावं होती, खंडणीचे आकडे होते. पाण्याची कोंडीही कुठंतरी एका ओळीत होती, मी ती वाचून पुढं गेले होते. दुकानदाराचं बोलणं आणि इतिहास या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटायच्या. दुसऱ्या सत्रात मी तेच भाषण पुन्हा केलं, आणि सुरुवात कोरड्या पडलेल्या घागरीपासून केली. या वेळी थांबले नाही. शेवटी मी असंही म्हणाले की, सगळे मराठे सरदार एका झेंड्याखाली लढले ते इथंच शेवटचं, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तो एकवीस वर्षांचा पेशवा शनिवारवाड्यात गेला, म्हणून मला या विजयाकडं बघताना नुसता अभिमान वाटत नाही. इतिहासाचे सर मागच्या बाकावर बसले होते. बाहेर पडताना ते एवढंच म्हणाले, “हे वडिलांना वाचून दाखव.” दाखवलं. दादांनी गिऱ्हाईक थांबवून ऐकलं.

३. ज्याची भीती घालून घरचे पाठवतात, ते बहुतेक वेळा तिथं नसतंच. निघताना आजीनं मला देवापुढं बसवून सांगितलं होतं, “शीक, पर बाटू नको.” ख्रिस्ती कॉलेज म्हणजे तिथं कुणीतरी आपल्याला धरून काहीतरी करवून घेईल, असं चित्र माझ्याही मनात होतं. पहिल्या डिसेंबरात वडाळ्याच्या मैत्रिणीनं नाताळच्या गाण्यांच्या तालमीला नेलं. मी दारातच बसले, चपला हाताशी ठेवून. आतून पेटीचा सूर आला, तबला लागला, टाळ वाजले, आणि गाणं सुरू झालं ते आमच्या गावच्या एकादशीच्या भजनाच्या वळणाचं. शब्दांत ख्रिस्त होता, चाल अभंगाची होती. ती भजनं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, असं नंतर कळलं. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पुढं कितीतरी वर्षं नगरला राहिले, आणि तुकोबांचं बोट सोडून ख्रिस्ताकडं जावं लागतं असं त्यांना कधी वाटलं नाही. ज्या शहरात मी नवखी म्हणून वावरत होते, तिथं अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ मध्येच आले होते आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ इथूनच निघालं होतं. नगरची ख्रिस्ती माणसं मला बाहेरून आलेली वाटत होती. त्यांच्या आज्या-पणज्या नेवासं, राहुरी, शेवगावच्या शिवारांत खुरपणी करत आलेल्या होत्या.

त्याच हिवाळ्यात मी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचली. पहिला भाग १९३४ साली निघालेला, मला मिळालेली प्रत पानं सुटलेली. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई जातीच्या विटाळाचा स्वतःशीच विचार करत करत, कुणी ढकललं नसताना, कुणाच्याही हातचं पाणी प्यायला तयार होते, तो भाग मी आत्याच्या माडीवर रॉकेलच्या दिव्यात वाचला. दिवे गेले होते म्हणून नव्हे, आत्याला दिसू नये म्हणून.

नाताळात वडाळ्याला मैत्रिणीच्या घरी गेले. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, आमच्या दिवाळीचाच फराळ. तिची आजी नऊवारीत, कपाळ मोकळं. आता ही मला देवाचं काहीतरी विचारणार म्हणून मी सावरून बसले. तिनं विचारलं, “यंदा तुमच्याकडं ज्वारी कशी आहे?” मग आम्ही ज्वारीवर तासभर बोललो, कडब्याच्या भावावर बोललो. निघताना तिनं माझ्या ओटीत करंज्या घातल्या, तिच्या भाषेत ‘लेकीला रिकामं धाडत नाहीत’ म्हणून.

हे सगळं चांगलंच झालं, पण एक गोष्ट लिहायला हवी. त्या करंज्या मी एसटीतच संपवल्या. घरी नेल्या नाहीत. त्या घरी जेवले हे मी आजीला तिच्या मरेपर्यंत सांगितलं नाही. माझ्या मनातली भीती गेली होती, आजीच्या मनातली तशीच राहिली, आणि ती काढायचं काम माझं होतं.

४. लाल शाईनं माणूस गप्प होतो. भित्तिपत्रकाचं संपादन माझ्याकडं आलं ते अक्षर चांगलं म्हणून. पहिल्या वर्षाच्या एका मुलानं पावसावरची कविता दिली. मी तिच्यावर तीन ठिकाणी रेघा मारून ‘सुधारून देणे’ लिहिलं. तो पुन्हा आला नाही. मी कवितेतल्या चुका बरोबर काढल्या होत्या, अजूनही माझं तेच मत आहे. पण मास्तरीण झाल्यावर तीस वर्षं मी पोरांच्या वह्या पेन्सिलीनं तपासल्या.

५. सेवा करायला जाणाऱ्याला आधी शिकवून घ्यावं लागतं. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली, हे आम्हाला पहिल्याच बैठकीत सांगितलेलं. शिबिराला जाताना शहरातल्या मुली घाबरल्या होत्या, मी निवांत होते. खेड्यातलीच मी, मला काय शिकायचंय? पहिल्या दिवशी नालाबांधाच्या कामावर टिकाव हातात घेतला आणि दुपारपर्यंत दोन्ही तळव्यांना फोड आले. खरं असं होतं की मी दुकानदाराची मुलगी. गावात वाढले होते, पण मातीत हात घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. शेवगाव माझ्या शेजारी खणत होती. तिचा टिकाव सारखा एका लयीत पडत होता. तिचे आई-वडील दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे, सुट्टीत तीही जायची. हे तिनं मला दीड वर्षात सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

गावातली एक म्हातारी बांधावर बसून आम्हाला बघत होती. ती उठली, माझ्या हातातून टिकाव घेतला आणि म्हणाली, “बाई, हा हातानं नाही चालत, कमरेनं चालतो.” १९७२ च्या दुष्काळात तिनं खडी फोडली होती, रस्ते केले होते, पाझर तलावावर घमेली वाहिली होती. तिनं पाय कसे रोवायचे ते दाखवलं. संध्याकाळी आम्ही गावात सभा घेतली, त्यात मी स्वच्छतेवर बोलले. म्हातारी पुढंच बसली होती. तिनं विचारलं, “तुमी जाल, मंग ह्यो बांध फुटला तर कुणाला बोलवायचं?” मला उत्तर देता आलं नाही. आमच्या प्राध्यापकांनाही देता आलं नाही. पण ते खोटंही बोलले नाहीत, एवढं मला आठवतं.

शिबिरानंतर काही दिवसांनी आमच्यातल्या पंधरा-वीस जणांना जामखेडच्या आरोग्य प्रकल्पावर नेलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तो १९७० मध्ये सुरू केला. डॉ. रजनीकांत राहुरीच्या शिक्षक आई-वडिलांचे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. १९७५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं होतं, १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. हे सारं माझ्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर चाललं होतं आणि मला ‘आरोळ्यांचा दवाखाना’ एवढंच ठाऊक होतं. तिथं आमच्याशी बोलायला डॉक्टर बसले नाहीत, गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या बायका बसल्या. त्यातल्या पुष्कळ निरक्षर, पुष्कळ दलित. एकीनं बाळंतपणात हात कसे धुवायचे ते हातवारे करून सांगितलं, दुसरीनं जुलाबात मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं ते. म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर इथं होतं: बाहेरचा माणूस जातो तेव्हा गावात जाणती बाई उरली पाहिजे. आणखी एक गोष्ट कळली. हातपंप घ्यायची वेळ आली तेव्हा ते दलितवस्तीत घेतले गेले, म्हणजे पाण्याला सगळ्यांनीच तिकडं यावं. शेवगाव माझ्या शेजारी बसली होती. हे ऐकताना ती जी ताठ बसली, तशी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती.

६. मतं मोजता मोजता माणसं मोजायची सवय लागते. विद्यार्थी परिषदेच्या निवडणुका तेव्हा थेट व्हायच्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं त्या बंद होऊन गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या, पण आमच्या वेळी पत्रकं, पाठिंबे, समोसे, सगळं होतं. तिसऱ्या वर्षी आमच्या गटातून मी उभी राहिले. एका रात्री मी वहीच्या शेवटच्या पानावर वर्गातल्या सगळ्यांची यादी केली आणि नावांपुढं खुणा केल्या. खुणा आडनावांवरून होत्या. हे आपले, हे त्यांचे, हे वळतील, हे वळणार नाहीत. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. ते मला आपोआप येत होतं, जसं घरात बोलायला येतं तसं.

ती वही शेवगावनं नोट्स उतरवायला नेली. दुसऱ्या दिवशी परत दिली, नोट्सची पानं नीट दुमडलेली. तिच्या नावापुढं मी ‘आपली’ अशी खूण केली होती, पण तिच्या आडनावाच्या बाकीच्या चौघांपुढं वेगळी. ती काही बोलली नाही. मी निवडणूक जिंकले. त्या संध्याकाळच्या कार्यक्रमानंतर तिनं नेहमीसारखं सतरंजीचं दुसरं टोक धरलं, आणि घडी घालताना आम्ही पाहुण्यांविषयी बोललो. त्या यादीविषयी मी तिच्याशी बोलायला हवं होतं. जिंकल्याच्या आनंदात नाही, निदान परीक्षेनंतर. निदान लग्नाला आली तेव्हा. पंचवीस वर्षं आम्ही पत्रं लिहिली, नंतर फोन केले. एकमेकींच्या पोरांची बारशी, आजारपणं, घरांचे हप्ते, सगळं बोललो. ते एक पान कधी निघालं नाही.

७. आपल्या गावाचं नाव आपल्याला जाब विचारतं. २८ एप्रिल २०१४ ला खर्ड्यात सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. त्यामागचं कारण म्हणून जे बोललं गेलं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे, मी इथं उगाळत नाही. पुढं खटल्यात साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले.

मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात शिकवत होते. उन्हाळ्याची सुट्टी लागायची होती. टीव्हीवर खालच्या पट्टीत गावाचं नाव फिरत होतं, आणि वर्षानुवर्षं ज्या नावानं मला माझ्या मैत्रिणी हाक मारत आल्या तेच नाव मला वाचवेना. रात्री शेवगावचा फोन आला. मी ‘हॅलो’ म्हटलं. पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग तिनं मला माझ्या नावानं हाक मारली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही दोघींनी कधी एकमेकींना नावानं हाक मारलीच नव्हती, त्यामुळं मला क्षणभर कळलंच नाही की ती मलाच बोलावते आहे. ती म्हणाली, “तुझ्या गावात ओळखीचं कोण आहे का गं? तिथं काय चाललंय?” मी म्हटलं, दादा गेले, आई आहे, तिला काही माहीत नाही. ती म्हणाली, “बरं.” आणखी काही बोलायला मी तोंड उघडलं आणि माझ्याकडून आलं ते हे, की सगळं गाव तसं नाही. हे वाक्य माझं नव्हतं. त्या आठवड्यात ते सगळेच बोलत होते. माझ्या पहिल्या भाषणासारखंच, पाठ केलेलं. ती पुन्हा “बरं” म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या रात्री मी जुन्या ट्रंकेतून वह्या काढल्या. ती वही मिळाली. शेवटचं पान होतं. त्या खुणा आणि ती घटना यांच्यात किती अंतर आहे, हे मी स्वतःला पुष्कळ समजावलं. अंतर मोठं आहेच. पण दोन्हींचा रस्ता एकच आहे, हे मी शिक्षिका म्हणून जाणते. मुलांना आडनावं मोजायला कोण शिकवतं, कधी शिकवतं, हे आम्ही वर्गात रोज बघतो. सकाळी मी तिला फोन केला आणि त्या पानाविषयी बोलले. ती म्हणाली, “मला पाठ आहे ते पान.” मग म्हणाली, “आपली अशी खूण मलाच का केलीस, हे मला जास्त लागलं होतं.” याचा अर्थ मला तेव्हा लगेच कळला नाही. चार-पाच दिवसांनी कळला. बाकीच्या चौघांपासून तोडून मी तिला माझ्यात घेतलं होतं, आणि ते प्रेम आहे असं समजत होते.

हे अनुभव मी नंतर माझ्या शाळेत वापरायचा प्रयत्न केला. मुलांचे गट आडनावांवरून, गल्ल्यांवरून पडू नयेत म्हणून हस्तलिखिताची, सहलीची, परिपाठाची कामं चिठ्ठ्या टाकून वाटली. काही पालक येऊन भांडले. एका आईनं मुलीला त्या गटातून काढून घेतलं. मी काहींना समजावू शकले, काहींना नाही. मंडळं काढली, भित्तिपत्रक काढलं, घागर भरायची पाळी सगळ्यांना लावली. पाळीवरून सगळ्यात जास्त वाद झाले.

८. काही गोष्टींना घडी घालायला फार वर्षं लागतात. निवृत्त झाल्यावर मी खर्ड्यात परत आले, आई नव्वदीला टेकली म्हणून. गेल्या हिवाळ्यात शेवगाव पहिल्यांदा माझ्या गावी आली, तिच्या थोरल्या मुलाच्या गाडीतून. कितीदा बोलावलं होतं, या ना त्या कारणानं राहिलं होतं. आईनं तिला जवळ बसवून घेतलं. आईला दिसत कमी, ऐकू कमी, पण हातांना ओळख असते तिच्या. तिनं तिचे तळवे चाचपून विचारलं, “रानात जाती का गं?” ती म्हणाली, “आता नाही जात आई. बँकेत होते. रिटायर झाले.” आईनं ते दोन्ही हात बराच वेळ सोडले नाहीत.

सकाळी आम्ही किल्ल्यात गेलो. दरवाज्यावरचे दगड अजून भक्कम आहेत. मी तिला दादांची पाण्याची गोष्ट सांगितली, जी तिनं त्या वर्गखोलीत चाळिसातल्या एका बाकावर बसून ऐकली होती. तिला ती आठवत होती. कोरड्या घागरीनं सुरुवात केलेलीही आठवत होती. तटावर चढायला तिनं माझा हात धरला, दम लागत होता दोघींनाही. वर गेल्यावर गाव दिसलं, पत्रे, शाळा, देवळांची शिखरं, लांबवर वाळलेली रानं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, “कुठं?”

मी हात वर करून दिशा दाखवली. ती त्या बाजूला तोंड करून उभी राहिली, मी तिच्या शेजारी. खाली कुणीतरी बकऱ्या हाकत चाललं होतं. ऊन तापायला लागलं तशी ती वळली आणि पायऱ्यांकडं निघाली. चार पायऱ्या उतरून थांबली आणि मला, नावानं, हाक मारली.